हरणी घोडीचा फिर्यादी

‘कुंडलिक सावळेराम निघोट हे नाव कानावर पडताच मंचर ते नारायणगाव या पट्ट्यातले गुन्हेगार दिवेलागणीच्या आत घरी परततात. सहा फूट उंची, घारीची नजर आणि कोणत्याही शास्त्रात न मावणारी बुद्धी असा संगम शतकातून एकदाच घडतो.’

हा परिच्छेद माझा नाही. तो कुंडलिकभाऊंनी मला तोंडी सांगून लिहायला लावला आणि वर बजावलं, की हकिकतीची सुरुवात यानंच झाली पाहिजे, नाहीतर ते माझ्या दुकानातली त्यांची खुर्ची उचलून नेतील. खुर्ची माझीच आहे. पण नात्यानं ते माझे थोरले साडू लागतात, म्हणून लिहिलं. उंचीबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या दुकानाच्या दाराची चौकट साडेपाच फूट आहे आणि तिच्याखालून जाताना भाऊंना मी कधी वाकलेलं पाहिलेलं नाही. बुद्धीबद्दल ज्यानं त्यानं आपलं मत करून घ्यावं.

मी भिमाजी थोरात. मंचरला बाजार समितीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊ वीज मंडळात तीस वर्षं मीटर वाचायला होते. आपण आयुष्यभर आकडे वाचले आणि आकडे पकडले, असं ते अभिमानानं सांगतात. पहिले मीटरमधले, दुसरे तारेवर टाकलेले. निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरात डोकवायची सवय सुटेना, म्हणून त्यांनी माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकलं आणि बाहेर पाटी लावली, ‘निघोट गुप्त तपास केंद्र’. अक्षरं एवढी मोठी, की नाशिकच्या एसटीत बसलेल्या माणसालाही हे गुप्त केंद्र कुठं आहे ते दिसावं. खाली थोडी जागा उरली होती, तिथं पेंटरनं आपल्या मनानं लिहिलं, ‘झेरॉक्स मिळेल’.

ही गोष्ट १९९७ सालच्या मार्च महिन्यातली. दुपारी ऊन तापलेलं, वीज नुकतीच गेलेली आणि मशीन बंद, अशा वेळी गेणभाऊ भोर दुकानात आले. गेणभाऊंना आमच्याकडं सगळे ओळखतात, कारण पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव त्यांच्याच घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला गेलेले आहेत. पांढरीशुभ्र घोडी, नाव हरणी. हलगी वाजली की मागच्या पायांवर उभी राहायची, गुडघ्यात पाय दुमडून नाचायची. तिला बघायला पोरंसोरं वरातीच्या पुढं पळायची.

गेणभाऊंच्या हातात एक कागद होता. सकाळी हवालदार घरी येऊन सही घेऊन गेला होता. कागद घोडेगावच्या कोर्टाचा होता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे तुमच्यावर फिर्याद दाखल झाली आहे, सबब सत्तावीस तारखेला सकाळी अकरा वाजता जातीने हजर राहावे, असं त्यात लिहिलेलं होतं.

गेणभाऊंचं म्हणणं सरळ होतं. हे कुणीतरी वैऱ्यानं केलंय. तो कोण ते कळलं, की त्याच्या घरी जायचं, हातापाया पडायचं किंवा गचांडी धरायची, जे लागू पडेल ते, आणि फिर्याद मागं घ्यायला लावायची. घोडीवर त्यांचा जीव होता, हे मात्र खोटं नव्हतं. तिला घरात नातीसारखी वाढवली म्हणाले. कोर्ट घोडी ओढून नेईल का, हे त्यांनी तीनदा विचारलं.

भाऊंनी भिंग काढलं. कागद उन्हाकडं धरला, उलटा केला, त्याचा वास घेतला. मग डोळे मिटून म्हणाले, “या कागदाला तंबाखूचा वास आहे. फिर्यादी तंबाखू खातो.”

हवालदार तंबाखू खातो, हे गेणभाऊंनी नम्रपणे सांगितलं. भाऊंनी ते ऐकलं नाही.

समन्सच्या मागं दोन-तीन कागद टाचलेले होते. तेवढ्यात वीज आली. सगळ्यांचीच झेरॉक्स काढू का, असं मी विचारलं, तर भाऊ म्हणाले, शिक्का असलेलं पान तेवढं पुरे, मागं कोर्टाचा नेहमीचा मजकूर असतो. मीही रोज असले कागद मशीनवर ठेवतो आणि एकही वाचत नाही. तेव्हा एक पान काढलं आणि मूळ कागद गेणभाऊंना परत दिले. माझ्या हातून झालेली ही एक चूक मी आधीच कबूल करून ठेवतो.

भाऊंचा पहिला संशय रखमाजीवर बसला. रखमाजी अवसरी खुर्दचा. त्याच्याकडं काळा घोडा आहे आणि लग्नसराईत तो आणि गेणभाऊ एकमेकांच्या सुपाऱ्या पळवत असतात. यात संशय घेण्यासारखं होतं हे मीही मान्य केलं. पण सरळ जाऊन विचारावं, हे भाऊंना पटेना. त्यांना वेषांतर करायचं होतं. शेजारच्या मंडपवाल्याकडून त्यांनी एक फेटा आणला, मिशीला काजळ लावलं आणि मला मागं बसवून माझ्याच लुनावर आम्ही अवसरीला गेलो. भाऊ वधूपिता झाले होते. मी वधूचा मामा.

रखमाजीनं आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि भाऊंकडं बघून म्हणाला, “बसा मीटरवालं भाऊ. फेटा लई शोभतोय.”

भाऊ डगमगले नाहीत. मुलीचं लग्न ठरलंय, घोडा हवाय, म्हणाले. भाऊंना मुलगी नाही, हे रखमाजीला ठाऊक होतं, म्हणून त्यानं कुणाची मुलगी ते विचारलं. भाऊंनी घाईत आपल्या पुतणीचं, समृद्धीचं नाव घेतलं. नवरा मुलगा कुठला, म्हटल्यावर तोंडाला येईल ते गाव सांगितलं, आहुपे. तारीख बारा एप्रिल. एवढं सगळं झाल्यावर भाऊंनी, जणू सहज, गेणभाऊंच्या घोडीचा विषय काढला. रखमाजीचा चेहरा पडला. आत जाऊन त्यानं एक कागद आणला. त्यालाही समन्स आलं होतं. तेच कोर्ट, तीच तारीख.

परतीच्या वाटेवर भाऊ गंभीर होते. ते म्हणाले, हे प्रकरण आपल्याला वाटलं त्याहून खोल आहे. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कारण बाजारात समृद्धीच्या वडिलांना सकाळपासून अकरा जणांनी लग्नाबद्दल विचारलं होतं आणि दोघांनी आमंत्रण नाही म्हणून अबोला धरला होता. समृद्धी तेव्हा बारावीची परीक्षा देत होती. तिचे वडील दुकानात आले, पाटीकडं बघितलं, भाऊंकडं बघितलं आणि मी मशीनमागं लपलो. त्यांचं बोलणं पाऊण तास चाललं. भाऊंनी त्या पाऊण तासात नुसती मान हलवली.

दुसरा संशय भरत गावडेवर. याचं कारण भाऊंनी मला फळ्यावर खडूनं काढून समजावलं. पांढऱ्या घोडीला समन्स, काळ्या घोड्याला समन्स. दोन्ही बंद पडले, तर नवरदेव जाणार कशावर? भरतनं नुकतीच जीप घेतली होती. तिला झेंडूच्या माळा लावून तो नवरदेवासाठी भाड्यानं द्यायचा. मला हे पटण्यासारखं वाटलं, आणि तिथंच मला भीती वाटली, कारण भाऊंचं बोलणं पटायला लागलं की काहीतरी चुकलेलं असतं.

भरतवर पाळत ठेवायची म्हणून आम्ही दोन दिवस त्याच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीत बसलो. भाऊंनी वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून त्यातून बघायचं ठरवलं होतं. वर्तमानपत्र टपरीवाल्याचं निघालं, त्यानं ते परत मागितलं, आणि मग आम्ही भोकांशिवायच बघत बसलो. तिसऱ्या दिवशी भरत स्वतः आमच्याकडं चालत आला आणि म्हणाला, “भाऊ, माझी जीप दीड महिना गॅरेजला हाये. गिअरबॉक्स गेलाय. तुमी रोज बघताय म्हनून म्हनलं, इकायची न्हाई ती.”

भाऊंनी वहीत लिहिलं, ‘संशयित सावध झाला आहे.’

मग घोडेगाव. भाऊंच्या मते टाइपरायटरलाही माणसासारखी बोटांची खूण असते. आमच्याकडच्या झेरॉक्सवर ‘र’ अक्षराचा पाय तुटलेला दिसत होता. तो ‘र’ ज्या मशीनचा, ते मशीन ज्याचं, त्याला धरलं की फिर्यादी सापडला. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली तीन टायपिस्ट बसतात. भाऊंनी तिघांकडूनही ‘रानात राजाराम रडला’ असं टाइप करून घेतलं. तिन्ही मशीनचे ‘र’ धडधाकट होते. तुटलेला पाय माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवरच्या चरामुळं उमटला होता, हे मला तिथंच लक्षात आलं. मी ते सांगितलं नाही. तेवढ्यासाठी एवढ्या लांब उन्हातून आलो होतो.

त्यातल्या एका टायपिस्टनं सांगितलं, की कोर्टातलं काही विचारायचं असेल तर त्या मावशींना विचारा. झाडाच्या पारावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. पांढरं स्वच्छ लुगडं, नाकावर जाड चष्मा, हातात पितळी डबा. जानकाबाई रणपिसे. त्यांचे मालक कोर्टात शिपाई होते. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी बाईंना घेतलं. तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा केला होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, पण घर जवळच, सकाळी दोन तास पारावर येऊन बसायच्या आणि कुणाला कोणत्या खोलीत जायचं, तिकीट कुठं लावायचं ते सांगायच्या.

भाऊंनी त्यांना आपली ओळख करून दिली. वर लिहिलेला परिच्छेद जवळजवळ पूर्ण म्हटला. मग विचारलं, गेणभाऊ भोरांच्या घोडीची फिर्याद कुणी केली असेल?

“त्यो अर्ज म्याच दिलाय,” जानकाबाई म्हणाल्या.

“तुम्हीच देणार ना मावशी. शिपायाचं कामच ते, या टेबलावरचा कागद त्या टेबलावर देणं. पण लिहिला कुणी?”

“म्या सांगितला, त्या पोरानं टाइप केला.”

भाऊ समजूतदारपणे हसले. माणसानं आयुष्यभर कोर्टात काम केलं, की सगळी कामं आपणच केली असं वाटू लागतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तिथं मात्र त्यांनी मावशींना गुन्हेगारांचं मानसशास्त्र समजावलं. फिर्यादी हा पुरुष असणार, वय पस्तिशीच्या आत, धंद्यातला, आणि तंबाखू खाणारा. जानकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डब्यातल्या भाकरीचा चतकोर आम्हा दोघांना दिला आणि विचारलं, “घोडीचं तोंड बघितलं का तुमी?”

तपासाचा रोख फिर्यादीकडं आहे, घोडीकडं नाही, असं भाऊ म्हणाले. मावशींनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं. एसटीत बसल्यावर मला काहीतरी खटकत होतं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या शिपाईबाई मागच्या महिन्यातला कागद या टेबलावरून त्या टेबलावर कशा देतील, असा विचार डोक्यात आला होता. पण गाडीत उभं राहायला लागलं, पुढच्या माणसाच्या पिशवीतली कोंबडी माझ्या कोपराला टोचत होती, आणि मंचर येईपर्यंत तो विचार निसटला.

तारखेच्या आदल्या दिवशी, सव्वीसला, भाऊंनी सगळ्यांना गेणभाऊंच्या अंगणात बोलावलं. खरा तपासनीस सगळ्या संशयितांना एका जागी बसवून मग गुन्हेगाराचं नाव घेतो, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. रखमाजी आला, कारण त्याला समृद्धीच्या लग्नाची सुपारी पक्की करायची होती. भरत आला, कारण चहा आहे असं मी सांगितलं होतं. हरणी गोठ्याच्या सावलीत बांधलेली होती. गेणभाऊ खाली मान घालून खाटेवर बसले होते. दोन आठवड्यांत माणूस अर्धा झाला होता.

मंडपवाल्याचा तोच फेटा बांधून भाऊंनी बोलायला सुरुवात केली. पहिला अर्धा तास वीज मंडळातल्या आठवणींचा होता. मग ते मुद्द्यावर आले. घोडा, घोडी, जीप. त्यांचं बोट भरतच्या दिशेनं वर उचललं जात होतं, आणि भरतनं दुसरा कप उचलला होता.

इथं गेणभाऊंच्या बायकोबद्दल सांगायला हवं. लंकाबाई वयाच्या पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकल्या होत्या. शिकल्यापासून दिसेल ते वाचायच्या. बियाण्याची पिशवी, औषधाची बाटली, एसटीचं तिकीट. एकेक अक्षर लावून, वरून खालपर्यंत. मधलं सोडून वाचायचं असतं, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. समन्स आल्या दिवसापासून त्या चूल आवरली की उंबऱ्यावर बसून ते वाचत होत्या. पहिलं पान संपायला चार दिवस लागले. त्या दिवशी त्या शेवटच्या पानावर आल्या होत्या.

भाऊंचं बोट भरतवर स्थिरावलं आणि त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, “फिर-या-दी. जा-न-का-बाई. तुळ-शी-दास. रण-पि-से. राहणार घो-डे-गाव.”

 भाऊंचं बोट तसंच हवेत होतं. मला ‘त्यो अर्ज म्याच दिलाय’ हे वाक्य आठवलं आणि खाली बसावंसं वाटलं, पण मी आधीच बसलेलो होतो. फिर्यादीचं नाव, गाव, सही, सगळं त्या कागदावर पहिल्या दिवसापासून होतं. समन्सबरोबर फिर्यादीची नक्कल जोडून द्यावी असा कायदाच आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कोर्टात कळलं.

गेणभाऊ उठले. कोण ही बाई, मी हिचं काय वाकडं केलं, असं काहीसं ते बोलू लागले. लंकाबाईंनी वर बघितलं नाही. त्या म्हणाल्या, “थांबा. अजून सपलं न्हाई.” आणि पुढं वाचू लागल्या, आता जरा सरावानं.

ती फिर्याद साधी होती. दिनांक नऊ फेब्रुवारीला घोडेगावात लग्नाच्या मिरवणुकीत सदर घोडी नाचवली जात होती. माझ्या दारासमोर मिरवणूक थांबली असता घोडीच्या तोंडातून फेस येत होता व तो लाल होता. लगामाची तोंडातली कडी काटेरी होती. अशी कडी घालण्यास मनाई आहे. खोगिराखाली पाठीवर जखम होती व तिच्यावर पुन्हा खोगीर बांधले होते. मी आरोपीस सांगितले की बाबा, तिच्या तोंडात रक्त आहे. आरोपी म्हणाला, आजी, बाजूला व्हा. घोडी नाचत नव्हती. तिला दुखत असल्याने ती पाय वर उचलत होती. घोडीला सांगता येत नाही, म्हणून मी हा अर्ज देत आहे.

लंकाबाईंनी कागद मिटला. “पाठीचं म्या तुमाला संक्रांतीलाच सांगितलं व्हतं,” त्या हळू म्हणाल्या. एवढंच.

गेणभाऊ गोठ्याकडं गेले. हरणीनं त्यांना बघून कान हलवले. त्यांनी तिचा जबडा धरला, पण हात लावताच तिनं मान झटकली. कुणीतरी डोकं धरायला हवं होतं. भरत उठणार तेवढ्यात कुंडलिकभाऊ पुढं झाले. भाऊ घोड्याला लहानपणापासून घाबरतात. वरातीतसुद्धा रस्त्याच्या पलीकडून चालतात. त्यांनी फेटा काढून खांबाला अडकवला, दोन्ही हातांनी हरणीचं डोकं छातीशी धरलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. गेणभाऊंनी तिचे ओठ वर केले.

जिभेच्या दोन्ही बाजूंना जुन्या जखमा होत्या, एकावर एक, कडेनं पांढऱ्या पडलेल्या. एक ताजी होती.  त्यांच्या वडिलांनी हीच कडी वापरली होती, त्यांच्या आधी आजोबांनी. तोंड उघडून कधी बघितलं नाही, ते म्हणाले. घोडी नाचली की लोक शिट्ट्या मारायचे, मला वाटायचं तिला आवडतंय. मग ते तिथंच, शेणात, खाली बसले. रखमाजी कुणाला काही न सांगता उठला आणि सायकल घेऊन अवसरीच्या वाटेला लागला. सुपारीचं त्याला भान राहिलं नव्हतं.

भाऊ अजून डोळे मिटून घोडीचं डोकं धरून उभे होते. झालं, सोडा आता, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

सत्तावीस तारखेला आम्ही सगळे घोडेगावला गेलो. भाऊंनी गेणभाऊंचा बचाव रात्रभर जागून तयार केला होता आणि तो अकरा पानांचा होता. गेणभाऊंनी तो वाचू दिला नाही. मॅजिस्ट्रेट साहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं. गेणभाऊ म्हणाले, कबूल आहे साहेब. वकील दिला नाही का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की जनावराच्या तोंडात जे आहे ते वकील काय वेगळं सांगणार. साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

दंड पन्नास रुपये झाला. कायद्यात पहिल्या वेळेला याहून जास्त नाही, हे ऐकून भाऊ माझ्या कानात म्हणाले, यासाठी आपण एवढा तपास केला. काटेरी कडी कोर्टात जमा करून घेतली. रखमाजीवरची फिर्यादही मावशींचीच होती; त्याचीही कडी जमा झाली. सरकारी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत घोडी कामाला लावायची नाही, असा हुकूम झाला. घोडी घरीच राहू द्यायची की दुसरीकडं उपचाराला पाठवायची, यावर साहेबांनी फिर्यादीचं म्हणणं विचारलं. गेणभाऊंनी कठड्याची कड घट्ट धरली.

जानकाबाई उभ्या राहिल्या. तीस वर्षं ज्या दारात पुकारा केला, त्याच्या आतल्या बाजूला फिर्यादी म्हणून त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या, आणि आवाज मात्र तोच होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या म्हणाल्या, “ती त्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या साहेब. त्यानं तोंड उघडून बघितलंय आता.”

बाहेर आल्यावर गेणभाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.  मावशींनी त्यांना जखमेवर काय लावायचं ते सांगितलं आणि ओला चारा बारीक करून घालायला सांगितला. भाऊही पुढं झाले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, मावशी, माझ्या तपासात तुमच्यापर्यंत मी दुसऱ्याच आठवड्यात पोचलो होतो. जानकाबाई म्हणाल्या, हो, पोचला व्हता, आणि भाकरीबी खाल्ली. भाऊंनी यातलं ‘पोचला व्हता’ एवढंच वहीत उतरवून घेतलं.

हरणी दीड महिना खुंट्याला होती. पाठ भरून आली, तोंड भरून आलं. डॉक्टरांनी दाखला दिला तेव्हा मे महिना लागला होता. गेणभाऊंनी साधी, गोल, गुळगुळीत कडी आणली आणि घालायच्या आधी स्वतःच्या दाताखाली धरून बघितली. लंकाबाईंनी नव्या खोगिरावरची चिठ्ठी वाचून त्यात किती काथ्या आणि किती कापूस आहे ते सगळ्यांना सांगितलं. पण एक गोष्ट गेणभाऊंच्या मनाला खात होती. हलगी वाजली की हरणी आता नुसते कान टवकारायची. नाचायची नाही. नाचणार नाही ती घोडी लग्नाला कोण नेणार?

पहिलं लग्न मंचरच्याच एका मास्तरचं मिळालं, तेही ओळखीवर. मी आणि भाऊ मिरवणुकीत होतो. भाऊ या वेळी रस्त्याच्या याच बाजूनं, घोडीपासून दोन हातांवर चालत होते. चौकात आल्यावर हलगीवाल्यांनी जोर धरला, पोरं गोल करून उभी राहिली, आणि हरणी मध्ये शांत उभी. नवरदेवाचा मामा पुढं आला आणि घोडी नाचत का नाही म्हणून गेणभाऊंवर तापला. आम्ही नाचरी घोडी सांगितली होती, म्हणाला. गेणभाऊंचा चेहरा उतरला. ती नाचत नाही पावणं, चालते, असं ते कसंबसं म्हणाले.

नवरदेव वर बसल्या बसल्या खाली वाकला. चष्मा लावणारा, सडपातळ मास्तर. मामाच्या कानाशी तोंड नेऊन तो अगदी हळू बोलला, पण हलगी त्याच वेळी थांबली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“मामा, नका नाचवू. मला आठ दिवस त्याच भीतीनं झोप न्हाई.”

 मग गर्दीतला एक लग्न झालेला माणूस म्हणाला, खरंय राव, मी आयाळ धरून डोळे मिटले व्हते. दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या लग्नात फेटा एकीकडं आणि तो एकीकडं झाला होता. भरतनंही मान डोलावली. बघता बघता तिथं उभ्या असलेल्या सात-आठ नवऱ्यांनी कबुली दिली, की आपल्या लग्नाची मिरवणूक त्यांनी नीट बघितलीच नव्हती. त्या मेमध्ये गेणभाऊंकडं अकरा सुपाऱ्या आल्या. बहुतेक नवरदेव स्वतःच गुपचूप येऊन सांगून गेले, की घरचे काहीही म्हणोत, न नाचणारीच पाठवा.

याचं कारण भाऊंनी मला फळ्यावर काढून समजावलं आहे. त्यात ग्रहांची स्थिती आहे, जीपचा गिअरबॉक्स आहे आणि कुठंतरी तंबाखूही आहे. मी ऐकून घेतलं.

त्या दिवशी मात्र मिरवणूक पुढं निघाली, तेव्हा गेणभाऊ हरणीच्या बरोबरीनं चालत होते आणि लगाम त्यांच्या हातात सैल लोंबत होता. वरती मास्तरचे दोन्ही हात मोकळे होते. एका हातानं त्यानं चष्मा सारखा केला, दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला पेढा होता, आणि तो खात खात दोन्ही बाजूंच्या लोकांकडं आरामात बघत चालला होता.